अर्धी गोष्ट पुरी कुणी करायची?

बायांनो, जुन्या अर्धवट कथा पुन्हा लिहायला काढल्या की घरचे म्हणतात, 'आता कशाला ते उकरायचं?' मी विचारते, का नाही? आमच्या इंदूरच्या बड्या गणपतीला वर्षातून चारदा नवा चोळा चढतो. मूर्ती जुनी म्हणून कुणी अडवत नाही. दिवाळीला पेढीवर जुना हिशेब पुरा करूनच नवी वही पुजतात. बाईची वही तेवढी अर्धी चालते!

ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. त्यांची स्वतःची 'स्मृतिचित्रे' मात्र १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा अपुरीच राहिली. पुढचं मुलानं लिहिलं.

म्हणून लिहित्या बायकांना माझं सांगणं आहे, आपली कथा आपणच पुरी करा. प्रसंग बदला, भाषा घासूनपुसून घ्या. पण तेव्हाच्या नायिकेचा राग 'समाज काय म्हणेल' म्हणून आज पुसू नका. तसं केलंत तर कथा पुरी होणार नाही, फक्त गप्प होईल. आणि गप्प बसवायला बाहेरचे पुष्कळ आहेत, त्यात आपली भर नको.