जाड मेनूकार्डाची बाजू

खाण्यावर लिहिणारी मंडळी ज्या हॉटेलांकडे नाक मुरडून बघतात, त्यांची बाजू आज घ्यायची आहे. ठाणे, मुलुंड, डोंबिवली, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडलात की पाच-सात मिनिटांत एखादं लागतंच. नाव देवाचं, नाहीतर ‘सागर’ किंवा ‘पॅलेस’ने संपणारं. दाराशी गल्ला, गल्ल्यामागे हार घातलेला फोटो, खाली साधी बैठक, वर एसी. आणि हातात मेनूकार्ड येतं ते लग्नाच्या अल्बमसारखं जाड. साउथ इंडियन, पंजाबी, तंदूर, चायनीज, पावभाजी, सँडविच, ज्यूस, फालुदा. जाणकार म्हणतात, जिथे सगळं मिळतं तिथे काहीच धड मिळत नाही. त्यात तथ्य आहे. पण हे एकट्याने जेवायला जाणाऱ्या माणसाचं मत झालं. त्याने आमच्या घरच्यांना घेऊन एकदा बाहेर पडून बघावं.

सासूबाई शाकाहारी, आणि चतुर्थीला कांदा-लसूणही नाही. नवऱ्याचा जीव माशांत. मुलगा जिमला जायला लागल्यापासून कुठल्याही पदार्थाकडे प्रोटीन म्हणूनच बघतो, म्हणजे चिकन. मुलीला शेजवान सॉसशिवाय जेवण हे जेवण वाटत नाही. मला स्वतःला काय हवं असतं? दुसऱ्या कुणीतरी केलेलं आणि गरम, बास. शिवाय पाच जणांचं बिल 1800 रुपयांच्या वर गेलं की नवरा ते शांतपणे घडी घालून खिशात ठेवतो आणि पुढचा महिनाभर ‘घरीच करू या ना काहीतरी’ म्हणतो.

आता या पाच जणांना एखाद्या नावाजलेल्या ठिकाणी नेऊन बघा. दादरला उत्तम मालवणी जेवण मिळतं. नवरा आणि मुलगा खूश. सासूबाईंच्या पुढ्यात डाळ-भात, एखादी उसळ आणि सोलकढी येते. त्या ‘छान आहे हो’ म्हणतात आणि त्यांचा आवाजच सांगतो की छान नाही. त्यातून पापलेटच्या रकान्यात किंमत छापलेली नसते, ‘साइझप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा घरखर्च बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो भुकेने नव्हे. मग मराठमोळ्या शाकाहारी उपाहारगृहात जावं, तर थालीपीठ, साबुदाणा वडा, पीयूष यावर सासूबाई आणि मी तृप्त, पण मुलं बाहेर पडताच विचारतात, “आता जेवायला कुठे?” ठाण्याला मामलेदार कचेरीजवळची मिसळ फक्कडच, पण ती पंचाहत्तरीच्या बाईंना घालून चालत नाही. अमर्याद थाळी हा तर आमच्यासाठी सरळ तोट्याचा सौदा. सासूबाई दोन पुऱ्या आणि वाटीभर आमरस घेतात आणि पैसे मोजतात मुलाएवढेच. ‘थाळी शेअर करता येणार नाही’ अशी पाटी भिंतीवर असतेच.

मॉलमधलं फूड कोर्ट हे यावरचं उत्तर आहे, असं मुलीचं ठाम मत. तिथे म्हणे प्रत्येकाला हवं ते मिळतं. मिळतं खरं. पण प्रत्येक जण वेगळ्या रांगेत, प्रत्येकाच्या हातात टोकन किंवा थरथरणारं यंत्र, आणि जागा राखायला सासूबाई एकट्या, चार खुर्च्यांवर चार पिशव्या ठेवून. एकाचं खाऊन होतं तेव्हा दुसऱ्याचं यायचं असतं. घरबसल्या अॅपवरून मागवलं तरी तेच. डोसा, बिर्याणी आणि नूडल्स तीन दारांतून निघून तीन वेळांना पोचतात आणि पोचवण्याचे पैसेही तीनदा.

मुंबईतलं बाहेरचं खाणं मुळात कुटुंबासाठी नव्हतंच. ते एकट्या पुरुषासाठी होतं. गिरगाव-लालबागच्या खानावळी चालल्या त्या गावाहून आलेल्या गिरणी कामगारांवर आणि कारकुनांवर. त्या चालवणाऱ्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. माटुंग्याला स्टेशनाजवळ ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून आहे. तिथे अजून केळीच्या पानावर भात-सांबार-रसम वाढतात. नावातच बोर्डिंग आहे. इराण्याच्या हॉटेलातही माणूस एकटाच, बनमस्का चहात बुडवून पेपर वाचणारा. असा माणूस समोर येईल ते खातो. आवडनिवड घरी, आईकडे किंवा बायकोकडे.

मग बायका-मुलं हॉटेलात यायला लागली. सुरुवातीला त्यांना पडद्यामागे बसवलं. ‘फॅमिली रूम’ अशी पाटी असलेल्या त्या लाकडी खोल्या माझ्या पिढीने पाहिल्या आहेत, आत एक पंखा, एक आरसा आणि प्रचंड उकाडा. पडदा गेला आणि मेनूकार्ड फुगायला लागलं. एकाच टेबलावर आजोबांना इडली हवी, आईला पंजाबी भाजी आणि मुलांना चायनीज, हे ओळखलं शेट्टी मंडळींनी. दक्षिण कन्नडातून आलेली ही मुलं दिवसा हॉटेलात कपबशा विसळायची आणि रात्री कन्नड रात्रशाळेत शिकायची. त्यांच्यातलेच पुढे मालक झाले. उडप्याच्या इडली-डोशाशेजारी त्यांनी तंदूर लावला, मग चायनीजची कढई आणली. कुणाच्या पाककलेचा अपमान वगैरे त्यांच्या मनात नव्हता. टेबल रिकामं राहू नये, एवढंच. चायनीज तरी कुठलं चीनहून आलं? चिकन मंचुरियनचं श्रेय दिलं जातं ते कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना, आणि तो प्रयोग झाला 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात.

एवढ्या पदार्थांचा मेळ आत कसा बसतो, हे एकदा समजलं की मेनूकार्डाची भीती जाते. सकाळीच तीन ग्रेव्ह्या तयार होतात. टोमॅटोची लाल, कांद्याची पिवळी आणि काजू-मगजाची पांढरी. पुढच्या दोन पानांवरच्या तीसेक पंजाबी भाज्या या तिघींच्याच लेकी. लालमध्ये लोणी आणि साय घातली की मखनवाला, तिखट वाढवलं की व्हेज कोल्हापुरी, पालक घालून हिरवं केलं की व्हेज हैदराबादी, वरती पापड ठेवला की व्हेज जयपुरी. कोल्हापूरच्या माणसाने यावर भांडू नये, जयपूरचा तर बिचारा अजून काहीच बोललेला नाही. डोशाचा तवा वेगळा, तंदूरवाला वेगळा, चायनीजचा कारागीर वेगळा, म्हणून पाच जणांच्या पाच तऱ्हेच्या ऑर्डरी साधारण एकाच वेळी टेबलावर येतात. जैन पावभाजी मागा, बटाट्याऐवजी कच्चं केळं घालून येते आणि कुणी कपाळाला आठी घालत नाही. या स्वयंपाकघरालाही मर्यादा आहेत. तंदूर संध्याकाळी सातच्या आधी पेटत नाही, दुपारी जेवणाच्या वेळी डोसा मागितला तर ‘साडेतीननंतर’ असं ऐकावं लागतं. आणि मासे इथे मागवू नयेत. नवऱ्याला हे पटलेलं नाही. तो दर वेळी सुरमई मागवतो आणि दर वेळी दादरची आठवण काढतो.

खर्चाचं म्हणाल तर खाली बसावं. पुष्कळ ठिकाणी वरच्या एसीत त्याच भाजीचा दर जास्त असतो. जीएसटी मात्र दोन्हीकडे सारखाच, 5 टक्के. जुलै 2017 मध्ये तो एसी हॉटेलांना 18 आणि बिगर-एसी हॉटेलांना 12 होता, तो त्याच वर्षी 15 नोव्हेंबरपासून उतरला. सर्व्हिस चार्ज न विचारता बिलात लावायचा नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे 2022 चे निर्देश आहेत. अर्थात जाड मेनूकार्डवाल्यांकडे ही भानगड मी तरी पाहिलेली नाही. तिथे बडीशेपेच्या वाटीखाली नोट सरकवायची असते आणि ती कितीची, हे नवरा-बायकोत डोळ्यांनी ठरतं. सूप ‘टू बाय थ्री’ मागवलं तर दोन सुपं न कुरकुरता तीन वाट्यांत भागून आणतात. भाजीत पनीरचे किती पीस येतात, हा प्रश्न इथे निर्लज्जपणा मानला जात नाही. वेटर आकडा सांगतो.

आणि टेबलावरची व्यवस्था. कॅप्टन नावाचा माणूस एका नजरेत ओळखतो की आजी शाकाहारी आहेत. त्यांना भिंतीकडच्या टोकाला बसवलं जातं, चिकनची डिश दुसऱ्या बाजूने येते आणि भाजीतला चमचा भाजीतच राहील याकडे त्याचं लक्ष असतं. “किचन वेगळं आहे ना हो?” हे सासूबाई विचारतात. “एकदम अलग, आजी,” असं तो सांगतो. खरं काय ते पाहायला त्या आत जात नाहीत आणि तोही बोलावत नाही.

खरी अडचण निघते ती सासूबाईंच्याच एका वाक्यामुळे. ‘मला वेगळं काही मागवू नका, तुमच्यातलंच घासभर घेईन.’ या वाक्याने घराघरांतली बजेटं बुडाली असतील. कारण तुमच्यातलं म्हणजे नेमकं कुणातलं? चिकनमधलं चालत नाही, शेजवान झेपत नाही. शेवटी उरते माझी भाजी, आणि मग मी अर्धपोटी. यावर आम्ही तोड काढली आहे. बसल्या बसल्या, कुणी मेनूकार्ड उघडायच्या आत, त्यांच्यासाठी एक मसाला डोसा सांगून टाकायचा, भाजी वेगळी, डोसा कडक. त्या ‘कशाला उगाच’ म्हणतात. डोसा आला की शेवटच्या कुरकुरीत कडेपर्यंत संपवतात आणि चटणी पुन्हा मागवतात.

सध्या श्रावण आहे. त्यामुळे मेनूकार्डाची मागची निम्मी पानं आमच्यापुरती मिटलेली. सुरमई नाही, मुलाचं प्रोटीनही नाही. त्याने गेल्या रविवारी पनीर टिक्का मागवला आणि वेटरला विचारलं, पीस किती येतात. सहा, असं उत्तर मिळाल्यावर त्याने दोन प्लेट सांगितल्या. नवऱ्याने बिलाची घडी नेहमीपेक्षा जरा बारीक घातली.