विमानात बाई, विमानाखाली बाई



मागच्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गात बारावीच्या एका मुलीने मला विचारले, "ताई, मी एन.डी.ए.चा फॉर्म भरतेय. मला फायटर पायलट व्हायचंय. पण तुम्ही तर युद्धाविरुद्ध मोर्चे काढता. मग भरू की नको?" मी "भर" म्हटले खरे, पण बैठकीत विषय काढला तेव्हा आमच्यात चांगलीच जुंपली. एकीचे म्हणणे, २०१६ साली हवाई दलात पहिल्या तीन मुली फायटर पायलट झाल्या, तेव्हाच आपण पेढे वाटायला हवे होते. दुसरी म्हणाली, बाँब बाईने टाकला म्हणून माणसे कमी मरतात का?

या वादात मला एका विमानाची गोष्ट सांगावीशी वाटते.

दुसरे महायुद्ध १९३९ मध्ये सुरू झाले, तेव्हा ब्रिटनच्या ताफ्यातही कापड ताणलेल्या दुहेरी पंखांची विमाने होती. १९४४ मध्ये जेट विमाने लढाईत उतरली. इतकी झपाट्याने प्रगती कशी झाली? सरकारांनी तिजोऱ्या मोकळ्या सोडल्या म्हणून. अमेरिकेच्या बी-२९ या बाँबफेकी विमानावर सुमारे ३ अब्ज डॉलर खर्च झाले. अणुबाँबच्या प्रकल्पालाही एवढा खर्च आला नव्हता. या विमानाच्या कारखान्यांत रिव्हेट ठोकायला हजारो बायका होत्या. युद्ध संपताच त्यांतल्या बहुतेकींना घरी धाडण्यात आले.

घाईत बनवलेल्या या विमानाची इंजिने तापून पेट घेत. फेब्रुवारी १९४३ मध्ये सिअ‍ॅटल शहरात चाचणीच्या वेळी एक विमान कोसळले. आतले सगळे गेले, शिवाय खालच्या कारखान्यातले कामगारही. पुरुष वैमानिक बिचकू लागले. तेव्हा १९४४ मध्ये पॉल टिबेट्स या अधिकाऱ्याने युक्ती काढली. डोरा डॉहर्टी आणि डोरोथिया जॉन्सन या दोन वैमानिक स्त्रियांना त्याने अवघ्या काही दिवसांत बी-२९ शिकवले आणि पुरुषांसमोर उडवायला लावले. बाईला जमते, मग तुम्हाला काय झाले? पुरुषांची कुरकुर थांबली. थोड्याच दिवसांत वरून हुकूम आला आणि बायकांची ही उड्डाणे बंद झाली. त्यांचे कौशल्य हवे होते ते पुरुषांना लाजवण्यापुरते.

या दोघी 'वास्प' दलातल्या. या दलातल्या हजारावर स्त्रियांनी लष्कराची विमाने कारखान्यांतून तळांवर पोचवली, त्यांच्या चाचण्या घेतल्या. ३८ जणी कामावर असताना मेल्या. पण कागदोपत्री त्या सैनिक नव्हत्या; त्यामुळे ना लष्करी मानवंदना, ना कुटुंबाला भरपाई. मृतदेह घरी पाठवायला मैत्रिणी वर्गणी काढत. डिसेंबर १९४४ मध्ये दल बरखास्त झाले, आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळायला १९७७ साल उजाडले. आपल्या अंगणवाडी आणि आशा ताईंना 'मानसेवी' म्हणणाऱ्या व्यवस्थेची जातकुळी हीच आहे.

आता विमानाखालची गोष्ट. १९४४ मध्ये ही बी-२९ विमाने आपल्याकडे बंगालमध्ये, खरगपूर आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर उतरली. तो मिदनापूर जिल्हा. आदल्याच वर्षीच्या दुष्काळात तिथली माणसे भाताच्या पेजेसाठी दारोदार फिरत मेली होती. जगातले सर्वांत महागडे विमान त्या मातीवर उभे राहिले. पैसा नव्हता असे नाही; तो कशासाठी होता, एवढाच प्रश्न.

आणि शेवट तुम्हाला ठाऊक आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब टाकणारे विमान बी-२९च होते, आणि ते चालवत होता तोच पॉल टिबेट्स. विमानाला त्याने आपल्या आईचे नाव दिले होते, एनोला गे. वर्ष संपेपर्यंत त्या शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. आग पसरू नये म्हणून घरे पाडायच्या कामाला जुंपलेल्या शाळकरी मुली त्यांत होत्या. ज्या वाचल्या त्यांना पुढे लग्नाच्या बाजारात "हिला धड मूल होईल का" म्हणून नाकारले गेले.

म्हणून मला वाटते, आमच्या दोन्ही मैत्रिणी अर्ध्याच बरोबर आहेत. उडण्याचा हक्क अर्धामुर्धा मागायचा नसतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे एन.डी.ए.चे दार मुलींना उघडले. ते आपणच पुन्हा लावायचे, तेही शांततेच्या नावाखाली, हे मला मान्य नाही. शांतता राखायची जबाबदारी फक्त मुलींनी का घ्यावी? पण कॉकपिटमध्ये बाई बसली म्हणजे समता आली, असे म्हणून आपण गप्प बसलो तर आपलाही उपयोग डोरा आणि डोरोथियासारखाच होईल. विमान कुणी चालवायचे हा जसा आपला प्रश्न, तसेच ते कशासाठी बनते, कुणाच्या ताटातले काढून बनते आणि कुणावर जाते, हेही आपलेच प्रश्न आहेत.

त्या मुलीने फॉर्म भरला आहे. गणिताच्या शिकवणीची फी आम्ही वर्गणी काढून भरतो आहोत. हिरोशिमा दिनाच्या फेरीलाही ती येणार आहे. तिला मी तसे बजावले नव्हते, ती आपणहून म्हणाली.

तुमच्या गटात यावर काय बोलणे होते? पटले नाही तर भांडा, पण लिहून कळवा. पुढच्या अंकात छापू.