समुद्राचा पारा

जानेवारीत निफाडला पारा घसरला आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, की कोणीतरी विचारतोच, ‘कुठे आहे तुमची तापमानवाढ?’ हा प्रश्न वर्षभर माझा पिच्छा पुरवतो. व्याख्यानानंतर तो येतो, वाचकांच्या पत्रांत येतो आणि शिकलीसवरलेली माणसे तो विचारतात तेव्हा अधिक खटकतो. मे महिन्यात चंद्रपूर-जळगाव तापले, की हीच माणसे पृथ्वी होरपळल्याची ग्वाही देऊ लागतात. दोन्ही वेळा सगळ्यांची नजर हवेवरच असते.

या हिशेबात हवा म्हणजे एक कोपरा आहे. हरितगृह वायूंमुळे जी जादा उष्णता पृथ्वीवर अडकून पडते, तिच्यातला सुमारे 91 टक्के भाग समुद्र घेतो. जमीन 5 टक्के घेते, 3 टक्के बर्फ वितळण्यात जातात आणि हवेच्या वाट्याला जेमतेम 1 टक्का उरतो. पाण्याला तापायला हवेच्या चौपट उष्णता लागते. शिवाय समुद्राचे वस्तुमान सबंध वातावरणाच्या अडीचशे पटींहून अधिक आहे. त्याचा वरचा तीनेक मीटरचा थरच अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता पोटात ठेवतो, आणि वारा, लाटा, प्रवाह ती घुसळून खाली नेत राहतात.

सिडनी लेविटस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक हिशेब मांडला होता. 1955 ते 2010 या काळात समुद्राच्या वरच्या 2,000 मीटरांत जेवढी उष्णता साठली, तेवढी एकदम खालच्या दहा किलोमीटर हवेत सोडली, तर ती हवा सुमारे 36 अंशांनी तापेल. असे होणार नाही, हे तेही जाणून होते. पण समुद्राने आपल्याला कशापासून वाचवले, ते या एका आकड्यावरून कळते.

आज जगभरच्या समुद्रांत ‘आर्गो’ प्रकल्पाची सुमारे 4,000 स्वयंचलित यंत्रे वाहत असतात. दर दहा दिवसांनी ती 2,000 मीटर खोल जातात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहाकडे नोंद पाठवतात. हवेचा आलेख एल निन्योच्या वर्षी उसळतो, पुढे खाली येतो. समुद्रातल्या उष्णतेचा आलेख गेली काही दशके जवळजवळ न थांबता चढतो आहे. एकट्या 2024 साली त्यात पडलेली भर जगाच्या वर्षभराच्या वीजनिर्मितीच्या सुमारे 140 पट होती. निफाडच्या थंडीने या आलेखावर तसूभरही फरक पडत नाही. प्रश्न विचारणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच आहे.

समुद्राने घेतलेली उष्णता नाहीशी मात्र होत नाही. तापलेले पाणी फुगते. 1971 ते 2018 या काळात समुद्राची पातळी जी वाढली, तिच्यातला सुमारे निम्मा वाटा या फुगण्याचा आहे. आपला अरबी समुद्र तर उत्तरेला जमिनीने बंद आहे, त्यामुळे उष्णतेला त्या बाजूने वाटच नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे, की 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळे 52 टक्क्यांनी वाढली. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनजवळ धडकले, त्याआधी समुद्राचे पाणी 30 अंशांच्या पुढे गेलेले होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठ्याची नवी पोफळ धरायला वर्षे लागतात. त्या घरांचे उत्पन्न एका दुपारी गेले आणि पंचनाम्यात कारण लिहिले गेले, वादळ. त्या वादळाला बळ कुठून मिळाले, हे विचारायला आपल्याकडे रकानाच नाही.

2025 या वर्षाबद्दल फार लिहीत नाही. मुंबईत 26 मेलाच मान्सून पोचला, सप्टेंबरात मराठवाड्याची उभी पिके पाण्यात गेली. डॉ. जयंत नारळीकर गेले. विज्ञान मराठीत सांगता येते, हे त्यांनी आयुष्यभर लिहून दाखवले आणि ते काम पुढे नेणे ही आम्ही जबाबदारी मानतो.

यंदाच्या अंकाचा विषय ‘साठवण’ आहे. बळदातल्या धान्यापासून बखरींच्या दप्तरांपर्यंत पुष्कळ काही पुढच्या पानांत आहे. मानवजातीने केलेली सर्वांत मोठी साठवण समुद्रात आहे आणि ती शेकडो वर्षे उतरणार नाही, म्हणून संपादकीय तिच्यावर.

तुम्ही दरवर्षी अंक घेता, वाचता, भांडता. म्हणून हक्काने एक काम सांगतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि सागरी उष्णतेच्या लाटांचे इशारे नियमित प्रसिद्ध करते. मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, याचा सल्लाही त्याच तापमानावरून मच्छीमारांना दिला जातो. म्हणजे हर्णैच्या नाखव्याला ज्या माहितीचा उपयोग आहे, ती दादरच्या वाचकापर्यंत पोचत नाही. वर्तमानपत्रे रोज शहराचे कमाल-किमान तापमान छापतात. त्याखाली अरबी समुद्राच्या तापमानाची एक ओळ आणि या तारखेची सरासरी छापावी, अशी मागणी आपापल्या वर्तमानपत्राकडे लेखी करा. पत्राची प्रत आम्हालाही पाठवा.