जबाबदारी परिचारिकेची, अधिकार कोणाचा?

‘परिचारिकांनी डॉक्टरांच्या सूचनेपलीकडे जाऊ नये’ असा सल्ला देणारे पत्र वाचले. पत्रलेखकांनी सरकारी रुग्णालयातला प्रसूतिकक्ष रात्री दोन वाजता पाहिलेला नसावा. तिथल्या बहुतेक नैसर्गिक प्रसूती परिचारिकाच करतात. गरोदरपणातल्या रक्तदाबामुळे झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन वरच्या रुग्णालयात पाठवण्याची मुभा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनीच परिचारिकेला दिली आहे. २०१८ मध्ये तर प्रसूतिसेवेसाठी खास प्रशिक्षित परिचारिका घडवण्याचे धोरण केंद्राने आणले. तेव्हा स्वायत्तता म्हणजे बंडखोरी, हा समज आधी सोडावा.

औषधयोजना आणि शस्त्रक्रिया डॉक्टरांचीच, यावर वाद नाही. पण बेडसोर होऊ नये म्हणून रुग्णाला किती वेळाने कुशीवर वळवायचे, ड्रेसिंग कधी बदलायचे, कोणत्या खाटेवर जास्त लक्ष हवे, हे शुश्रूषेचे निर्णय आहेत. त्यासाठी चार वर्षांची पदवी घेतलेल्या मुलीला आपण चादरींची मोजदाद आणि औषधांची मागणीपत्रे लिहायला बसवतो! शिवाय रात्री फोनवरून मिळालेला तोंडी आदेश सकाळी कोणी नाकारला, तर चौकशीला उभी राहते तीच.

राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला. आता प्रत्येक वॉर्डात लेखी स्थायी आदेश लावावेत, कारकुनी कामे लिपिकांकडे द्यावीत आणि रुग्णालयाच्या निर्णय समित्यांत अधिसेविकेला मताचा अधिकार द्यावा. आरोग्य विभागाने एवढे तरी तातडीने करावे.

– एक निवृत्त परिसेविका, सोलापूर