घमेलं बाईचं, थापी बुवाची

मैत्रिणींनो, बांधकामावरची बाई अठराव्या वर्षी बिगारी असते आणि पन्नासाव्या वर्षीही बिगारीच असते. तिच्याच नाक्यावरून आलेला पोरगा मात्र दोन-चार वर्षांत गवंडी होतो. असं का होतं, हे मला थापी हातात घेतल्यावर कळलं.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, पुण्यात बांधकाम मजुरांच्या वस्तीत काम करते. बायकांना गवंडीकाम शिकवायचं तर आधी आपण शिकावं, म्हणून एका मिस्त्रींना विचारलं, "मला गिलावा शिकवाल का?" ते हसले, पण दुसऱ्या दिवशी थापी दिली. भिंत आधी ओली करायची. ओळंबा धरून टिपके मारायचे, म्हणजे जाडी ठरते. आतल्या भिंतीला साधारण 12 मिलिमीटर. मग मनगटाच्या झटक्यानं माल फेकायचा, पट्टीनं ओढायचा, रंध्यानं घोटायचा. माझा निम्मा माल खाली पडला. मिस्त्री म्हणाले, "पडू द्या, मॅडम. सगळ्यांचाच पडतो."

तो पडलेला माल गोळा करणारी बाई चौदा वर्षं घमेली वाहत होती. वाळू किती बारीक चाळायची, एकास चारचा माल किती पाण्यात कालवायचा, तो कधी आवळायला लागतो, हे तिला नव्या गवंड्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, हिलाही शिकवा." ते म्हणाले, "बाईमाणसाचं काम नाही ते. आणि मग माल कोण देणार?"

म्हणजे मी बाईमाणूस नव्हते का? होते. पण मी शिकल्यानं कुणाची बिगारी कमी होत नव्हती. ती शिकली तर स्वस्तातली बिगारी जाणार होती. खरी अडचण ही आहे; बाईच्या मनगटातल्या ताकदीची गोष्ट नुसती सबब आहे. दिवसभर परांचीवर घमेली चढवणाऱ्या बाईला ताकद शिकवायची?

ती मला म्हणाली, "ताई, जेवणाच्या सुट्टीत पोरं थापी घेऊन हात बसवतात. मी तेव्हा लेकराला पाजत असते."

खेड्यात भिंती लिंपायचं काम पिढ्यान्पिढ्या बाईचंच आहे. शेणामातीचा हात ती फुकट फिरवते. त्याच भिंतीला सिमेंट आलं, गिलाव्याला मजुरी आली, आणि काम पुरुषाचं झालं.

1976 च्या कायद्यानं समान कामाला समान वेतन दिलं. पण काम समान होऊच दिलं नाही, तर वेतन समान कुठून होणार? म्हणून 1987 च्या दुरुस्तीनं बढती आणि प्रशिक्षणातल्या भेदभावालाही मनाई केली. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेत, समानतेच्या कलमात, प्रशिक्षणाचा उल्लेखच नाही. आपल्यापैकी किती जणींनी त्यावर आवाज उठवला?

आणि आपण तरी काय शिकवतो? शिवण, पापड, ब्युटी पार्लर. माझ्या संस्थेचे शिवणवर्ग मीच चालवले आहेत. सिमेंटनं हात फुटलेल्या बायकांना मी काजं-बटणं शिकवत होते! झारखंडात शौचालयं बांधायला बायकांना गवंडीकाम शिकवलं. लोक त्यांना राणी मिस्त्री म्हणू लागले. अहमदाबादेत 'सेवा'नं बांधकाम मजूर बायकांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. मग आपल्याकडे काय अडलं आहे?

बांधकामाच्या खर्चावर मजुरांच्या कल्याणासाठी उपकर गोळा होतो. त्यातून बाईला कामाच्या जागीच, पूर्ण रोज देऊन गवंडीकाम शिकवा. रोज बुडवून ती वर्गाला येऊ शकणार नाही. शिकताना लेकरू सांभाळायला पाळणाघर हवं. आणि शिकल्यावर गवंड्याचाच दर हवा, 'बाई-गवंडी' असा वेगळा दर नको.

ही मागणी आपल्या पुढच्या मोर्च्यात वरच्या ओळीत असायला हवी. तोवर निदान आपल्या संस्थांच्या भिंतींचा गिलावा तरी बायकांना शिकायला द्या. पहिल्यांदा माल पडेल. पडू द्या, सगळ्यांचाच पडतो.