‘मी चंद्रावर गेलो तर...’ हा निबंध पाठ करून घेणं आता थांबवू या



आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीच्या चाचणीत ‘मी चंद्रावर गेलो तर...’ हा निबंध विचारला होता. वर्गात १९ मुलं. १८ निबंध जवळपास सारखेच होते. चांदोमामाने स्वागत केलं, सशाने हात हलवला, मग मी तिरंगा रोवला आणि तो डौलाने फडकू लागला. मुलांनी हे कुठून आणलं? मीच लिहून दिलं होतं फळ्यावर. पाठ करा म्हणून सांगितलं होतं.

एकोणिसाव्या पोराने मात्र वेगळंच लिहिलं. ‘मी झेंडा लावला पण तो फडकला नाही. कारण तिथं हवा नाही. मग मी त्याला आडवी काडी लावली.’ एवढंच. शुद्धलेखनाच्या चार चुका, सुविचार नाही, शेवटी स्वप्नातून जागं होणं नाही. मी ५ पैकी २ गुण दिले आणि लाल पेनने लिहिलं, ‘कल्पना सुचत नाही.’

त्या रात्री सहज मोबाईलवर अपोलोच्या मोहिमेचे फोटो बघत होतो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर झेंडा लावला, तेव्हा त्याच्या वरच्या कडेला खरोखर आडवी दांडी होती. हवा नाही, तर झेंडा ताठ राहायला काहीतरी आधार पाहिजे ना! नासाच्या लोकांनी जे केलं, तेच माझ्या वर्गातल्या पोराला स्वतःच्या डोक्याने सुचलं होतं. आणि मी लिहिलं होतं, कल्पना सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी गुण वाढवले. पण प्रश्न गुणांचा नव्हताच. त्याला हे सुचलं कुठे, हा होता. विचारलं तर म्हणाला, “सर, आम्ही खिचडी खाल्ल्यावर लिंबाखाली बोलतो ना, तिथं.”

लिंबाखालच्या गप्पा

मग मी पण मधल्या सुट्टीत लिंबाखाली बसायला लागलो. तोवर मला वाटायचं, पोरं टाईमपास करतात. तिथं चालू होतं भलतंच.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, ते या पोरांनी घरी, पारावर, कुणाच्या तरी मोबाईलवर बघितलेलं. तेव्हापासून त्यांच्यात रॉकेटचीच चर्चा. आपलं कनेरगाव नाका म्हणजे हिंगोली-वाशिम रस्त्यावरचं गाव. दिवसभर ट्रक, ट्रॅक्टर, एसटी जाते. पोरांना गाड्यांची भारी आवड. कोणती गाडी किती माल ओढते हे तोंडपाठ. तोच हिशोब ते रॉकेटला लावत होते.

एकाने विचारलं, “सर, रॉकेट येवढं मोठं काहून लागतं?”

मी आकडे शोधून आणले. ज्या रॉकेटने चांद्रयान-३ नेलं त्याचं वजन ६४० टन. त्याने वाहून नेलेलं यान ३,९०० किलोच्या आसपास. त्यातला विक्रम साधारण पावणेदोन टनांचा. आणि चंद्रावर जी फिरली ती प्रज्ञान गाडी फक्त २६ किलोची.

“म्हणजे आपल्यातल्याच एखाद्यायेवढी!” पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

मग बाकीचं वजन कशाचं? बहुतेक इंधनाचं. हे समजवायला मी फळ्याकडे निघालो होतो, तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, “सर, ते बैलगाडीवाणी हाय. लांब जायचं तर बैलाचा कडबा गाडीतच न्यावा लागतो. कडबा जास्त घेतला की गाडी जड. गाडी जड झाली की बैल जास्त खाणार. मग अजून कडबा.”

मित्रांनो, मी डी.एड. केलंय, पाठ टाचणं काढलीत, पण रॉकेटचं मूळ दुखणं एवढ्या सोप्या भाषेत मला सांगता आलं नसतं. इंधन उचलायला इंधन लागतं. म्हणूनच रॉकेट टप्प्याटप्प्याचं करतात आणि रिकामा झालेला टप्पा सोडून देतात. “रिकामी गाडी कशाला ओढायची?” हे पण त्यांनीच सांगितलं.

दोनशे पानी वही

या गप्पा वाया जाऊ नयेत म्हणून एक दोनशे पानी वही आणली. ठरवलं, सगळ्यांनी मिळून एक गोष्ट लिहायची. आपल्या गावातून यान निघतं आणि चंद्रावर, मग मंगळावर जातं. नियम तीनच केले.

१. ज्याला वाटेल त्याने पुढचं एक पान लिहायचं.
२. कुणालाही ‘असं होत नाही’ म्हणून हरकत घेता येईल.
३. पण हरकत घेणाऱ्याने खरं काय ते शोधायचं आणि ते पान, ज्याचं आहे त्याच्यासोबत बसून, पुन्हा लिहायचं.

सगळं काम तिसऱ्या नियमाने केलं. नुसतं ‘चूक आहे’ म्हणून पळता येईना. एकाने लिहिलं, यानाचं इंजिन अंतराळात जोरात पेटलं. दुसरा म्हणाला, चूल फुंकल्याशिवाय पेटत नाही, तिथं हवा नाही तर इंजिन कसं पेटलं? शोधलं तर कळलं, रॉकेट जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन सोबतच नेतं. आपल्या या रॉकेटच्या वरच्या टप्प्यात एका टाकीत द्रव हायड्रोजन आणि दुसऱ्या टाकीत द्रव ऑक्सिजन असतो. पान पुन्हा लिहिलं गेलं. आता गोष्टीत दोन टाक्या आल्या, आणि एक टाकी गळायला लागल्यामुळे पुढची चार पानं सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. विज्ञानामुळे गोष्ट रुक्ष झाली नाही, उलट रंगली.

फडातला व्हॉइस मेसेज

आता जे सांगतो, त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

वर्गात एक मुलगी आहे. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ही आजीजवळ राहते. वर्गात बोलायची नाही. वहीला तिने तोवर हात लावला नव्हता.

गोष्टीत यान मंगळाजवळ पोचलं. एका पोराने लिहिलं की अंतराळवीर आईला फोन लावतो आणि दोघं खूप वेळ बोलतात. लगेच हरकत आली. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. रेडिओचा संदेश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. म्हणजे आपण ‘हॅलो’ म्हणल्यावर उत्तर यायला अडीच सेकंद. तिथपर्यंत ठीक. पण मंगळ कधी जवळ असतो, कधी दूर. संदेश एका बाजूने जायलाच साधारण ३ ते २२ मिनिटं. ‘माय, जेवलीस का?’ विचारलं तर उत्तर यायला पाऊण तास सुद्धा लागेल. बोलणं होणारच कसं? गोष्ट अडकली. दोन दिवस कुणालाच सुचेना.

तिसऱ्या दिवशी ही मुलगी हळूच म्हणाली, “मग व्हॉइस मेसेज टाकायचा. माझी माय तसंच करती. फडात रेंज नसती. ती रात्री बोलून ठेवती, मी सकाळी ऐकती.”

वर्ग शांत झाला. मी वही तिच्यापुढे ठेवली. तिने दीड पान लिहिलं. अंतराळवीराची आई एकाच संदेशात सगळं बोलून टाकते, कारण मधे ‘हो’ म्हणणारं कुणी नाही. अंतराळवीर आधीच ओळखून उत्तरं देतो, कारण आई काय विचारणार हे त्याला माहीत आहे. अंतर म्हणजे काय, ते तिच्याइतकं वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, मला पण नाही. त्या दिवसापासून तिने वही सोडली नाही.

आता सांगा, तयार निबंधात या मुलीला जागा कुठे होती? तिथे आई ‘मायेचा सागर’ असते आणि रोज सकाळी प्रेमाने उठवते. तिची आई तर कोपीत झोपलेली असते. पाठांतराचा निबंध अशा लेकरांना सांगतो की तुझं जगणं लिहिण्यासारखं नाही. माझं सगळ्यात मोठं भांडण या निबंधाशी याच कारणासाठी आहे.

ही पद्धत माझी नाही

कुणाला वाटेल, रॉकेट एकीकडे आणि गोष्टी एकीकडे, यांची खिचडी कशाला? पण इतिहास बघा. रॉकेटचं गणित मांडणारे रशियाचे कॉन्स्टांतिन त्सिओल्कोवस्की हे आपल्यासारखेच शाळामास्तर होते. लहानपणीच्या आजाराने त्यांना ऐकू कमी येई. १९०३ साली त्यांनी रॉकेटवरचा प्रसिद्ध लेख छापला. तेच अंतराळप्रवासाच्या गोष्टीही लिहीत. पोरांनी कडब्यावरून जे ओळखलं, त्याचंच समीकरण त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

१९३० साली न्यूयॉर्कमध्ये काही हौशी मंडळींनी एकत्र येऊन ग्रहांवर जाण्याचा विचार करणारी एक संस्था काढली. त्यातले बरेच जण विज्ञानकथा लिहिणारे होते. गोष्टी लिहिता लिहिता ते रॉकेट करायला लागले. १९३३ मध्ये त्यांचं एक रॉकेट जेमतेम अडीचशे फूट उडालं. लोक हसले असतील. पण पुढे याच संस्थेतून अमेरिकेतली रॉकेटवाल्यांची मोठी संघटना उभी राहिली.

आपल्याकडे तर जयंत नारळीकर सर होतेच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ टोपणनावाने स्पर्धेत उतरतो आणि पहिलं बक्षीस मिळवतो! गोष्ट लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. मग आपल्याला वर्गात ते फालतू का वाटावं?

याच नारळीकर सरांनी पुण्यात आयुका ही संस्था उभी केली. आणि ती आयुका आज ज्या लायगो-इंडिया प्रकल्पात सहभागी आहे, तो होतोय कुठे? आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. ६ एप्रिल २०२३ ला केंद्र सरकारने त्याला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, त्यातून लेसरचा झोत, आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने उठलेल्या लहरी पकडायच्या. कुणाची जमीन गेली, काय भाव मिळाला, एवढंच आपण पारावर बोलतो. तिथं उद्या आपली लेकरं फक्त गेटवर उभी राहणार की आत यंत्रापाशी, हे कोण बोलणार? हे ठरायची सुरुवात चौथीच्या वर्गात, लिंबाखालीच होते.

हरकती मला पण माहीत आहेत

शिक्षण परिषदेत हा अनुभव सांगितला तेव्हा एक सर म्हणाले, “गोष्टीला वेळ कुठंय? आपल्याकडून मागतात ते आकडे आणि अहवाल.” खरं आहे. मी रोज वेळ देत नाही. आठवड्यात दोन तासिका, त्या पण भाषा आणि परिसर अभ्यासाच्याच. वाचन, लेखन, गणित सगळं त्यातच होतं. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी तर आपोआप मिळतात.

दुसरी अडचण माझ्याच वर्गात आली. पहिला महिनाभर तीन हुशार पोरंच वही पळवत होती. मग चौथा नियम करावा लागला. एकदा लिहिलं की बाकी चौघांनी लिहिल्याशिवाय पुन्हा हात लावायचा नाही. लिहिता न येणाऱ्याने सांगायचं, शेजाऱ्याने लिहायचं, नाव दोघांचं.

तिसरी गोष्ट, आपल्यालाच सगळं येत नाही. मला तरी कुठे येत होतं? “मला माहीत नाही, उद्या शोधून येऊ,” असं मुलांपुढे म्हणायला पहिल्यांदा जड गेलं. आता नाही जात.

आणि परीक्षेत निबंध येतोच, मग काय? येऊ द्या. ज्या पोराने हरकती घेत घेत चाळीस पानं लिहिलीत, त्याला दहा ओळी जड नाहीत. फक्त तपासताना आपण नमुना उत्तर बाजूला ठेवायला पाहिजे. नाहीतर पुन्हा एखाद्याचा न फडकलेला झेंडा आपण लाल पेनने खोडू.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना तयार निबंध देणं थांबवा. त्याऐवजी एक वही द्या, एकच, सगळ्यांत मिळून. विषय रॉकेटचा नको असेल तर विहिरीचा घ्या, हळदीच्या कुकरचा घ्या, एसटीचा घ्या. पण गप्पा होऊ द्या, हरकती होऊ द्या, आणि मग लिहू द्या.

आमची गोष्ट अजून संपलेली नाही. ती चौथीची मुलं आता पुढच्या वर्गात गेलीत, वही नव्या चौथीकडे आली आहे. यान मंगळावर उतरलंय, परत यायला इंधन पुरत नाही, आणि कडबा कुठून आणायचा यावर लिंबाखाली जोरात भांडण चालू आहे.

तुमच्या वर्गात असं काही करत असाल तर नक्की कळवा. आमची पोरं हरकत घ्यायला तयारच आहेत!