चिठ्ठी लिहिण्याआधीचे दोन प्रश्न

नैराश्याचा रुग्ण उपचाराला तयारच होत नाही, ही आपल्या व्यवसायातली नेहमीची तक्रार आहे. ‘मानसोपचारतज्ज्ञांकडे जा म्हटलं की लोक दवाखानाच बदलतात,’ असे अनेक फॅमिली डॉक्टर सांगतात, आणि ते खोटे नाही. पण या तक्रारीत आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते. उपचाराची वाट तज्ज्ञाच्या दारापासून सुरू होते आणि तिथवर चालत जाणे हे रुग्णाचे काम, असे आपण मानतो. आमच्या मते ही वाट आपल्याच टेबलापाशी सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच तुटते. कधी आपण विचारलेलेच नसते, आणि कधी विचारून, हातात चिठ्ठी देऊन आपण रुग्णाला सोडून दिलेले असते.

रोजच्या ओपीडीतला एक ओळखीचा प्रसंग घ्या. चाळिशीतली एक बाई येते, हातात रिपोर्टांची कॅरीबॅग. हिमोग्लोबिन, टीएसएच, बी-१२, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, सगळे नॉर्मल. तक्रार अशी की अंगात त्राण नाही, डोके जड, जेवण जात नाही, पहाटे चारला जाग येते. आपण टॉनिक लिहितो, पँटोप्राझोल लिहितो, रात्रीसाठी अल्प्राझोलामची छोटी गोळी लिहितो. झोप लागते का, हे विचारतो. पहाटे जाग आल्यावर मनात काय येते, हे विचारत नाही. तीन आठवड्यांनी ती परत येते किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते, आणि त्या पिशवीत आणखी एका नॉर्मल रिपोर्टाची भर पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने बंगळूरसह १४ देशांतल्या १५ केंद्रांवर केलेल्या अभ्यासात प्राथमिक उपचारासाठी आलेल्या नैराश्यग्रस्त रुग्णांची पाहणी झाली होती. त्याचे विश्लेषण १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. नैराश्याचे निकष पूर्ण करणाऱ्या ११४६ रुग्णांपैकी ६९ टक्क्यांनी डॉक्टरांकडे येण्याचे कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. हा आकडा अनेकांना ठाऊक असतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र क्वचितच कोणी सांगते. थेट विचारल्यावरही मनाची लक्षणे नाकारणारे रुग्ण होते अवघे ११ टक्के. म्हणजे दहांतले जवळपास नऊ जण विचारल्यावर सांगतात. ‘आपले लोक मनाबद्दल बोलत नाहीत’ हे आपण इतक्या वेळा ऐकले आणि ऐकवले आहे, की न विचारण्याची आपली सवय त्याआड कायमची झाकली गेली.

गोव्यात स्त्रियांमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीनेही हेच दाखवले. पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, चिंता-नैराश्याच्या लक्षणांशी अधिक घट्ट होता. या तक्रारीवर आपल्याकडे किती प्रतिजैविके लिहिली जातात, हे वाचकांना सांगायला नको. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेले असते आणि नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. हे ८५ टक्के लोक डॉक्टरांकडे गेलेच नाहीत, असा याचा अर्थ नाही. त्यांतले कितीतरी जण अंगदुखी घेऊन आपल्याकडे येऊन गेले असणार.

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. तपासण्या नॉर्मल आणि तक्रार कायम, अशा प्रत्येक रुग्णाला दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, खिन्न राहते का? पूर्वी ज्यात मन रमायचे त्यात आता रमत नाही, असे होते का? हे दोन प्रश्न पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचे पहिले दोन आहेत. उत्तर होकारार्थी आले तर उरलेले सात विचारायला पाच मिनिटे पुरतात. शब्द रुग्णाचेच घ्यावेत. ‘डिप्रेशन आहे का?’ असे विचारले तर माणूस सावध होतो. ‘करमत नाही का?’, ‘जीव नकोसा होतो का?’ असे विचारले की तो बोलू लागतो. ‘टेन्शन’ हा शब्द तर आता खेड्यापाड्यांतही कानावर पडतो आणि त्याला कलंक चिकटलेला नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो विचारल्याने रुग्णाच्या डोक्यात नको ते भरवले जाईल, ही भीती डॉक्टरांमध्ये खोलवर आहे. आजवरच्या अभ्यासांत या भीतीला आधार सापडलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. एवढ्या मोठ्या संख्येपुढे आपला संकोच किती काळ जपायचा?

यावर कोणी म्हणेल की विचारून रुग्ण सांगेलही, पण उपचार घेणार नाही. याचे उत्तर एका प्रयोगातून मिळते. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलायचे, प्राथमिक समुपदेशन व्हायचे आणि गरज पडेल तिथे मानसोपचारतज्ज्ञ गावाजवळ यायचे, अशी त्याची रचना होती. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. गावे तीच, विदर्भाची शेती तीच, लोकलाजही तीच. मदत हाताशी आली आणि कळेल अशा भाषेत आली, तेव्हा सहापट लोक पुढे आले. तरी जवळपास तीन चतुर्थांश रुग्ण बाहेर राहिले, ते का, हा प्रश्न उरतोच. पण ‘लोक तयार नाहीत’ एवढ्यावर विषय संपवता येत नाही.

आता चिठ्ठीकडे येऊ. ‘एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून या’ हे वाक्य आपण सद्हेतूने म्हणतो. रुग्णाच्या कानावर ते कसे पडते? माझे दुखणे खरे नाही, मला वेड लागले आहे आणि डॉक्टरांनी हात झटकले आहेत, असे. वर पत्ता जिल्ह्याच्या ठिकाणचा, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार, सोबतीला कोणीतरी न्यावे लागणार आणि त्याला कारण सांगावे लागणार. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ धड नाही, आणि आहेत तेही बहुतांश शहरांत. याच चिठ्ठीसोबत ‘तुमचा त्रास खरा आहे, याला नाव आहे, यावर उपचार आहे, आणि दोन आठवड्यांनी तुम्ही मलाच भेटायचे आहे’ एवढे सांगितले तर तिचा अर्थच बदलतो. साखर वाढलेल्या रुग्णाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवताना आपण त्याचा मधुमेह सोडून देत नाही. इथे का सोडावा?

‘आम्हाला समुपदेशनाचे प्रशिक्षण नाही’ हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. गोव्यात झालेल्या दोन चाचण्या या बाबतीत जगभर आधारभूत मानल्या जातात. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या दुसऱ्या चाचणीत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले रुग्ण निवडले गेले. मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी त्यांच्यासोबत सहा ते आठ बैठका घेतल्या, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. समुपदेशक तिथे करत काय होते? नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. सोडल्यामुळे दिवसातले बरे वाटण्याचे क्षण कमी होतात, आणि ते कमी झाले की आणखी सोडतो. हे चक्र कृतीच्या बाजूने उलटे फिरवायचे, हे या पद्धतीचे मर्म आहे. मन लागण्याची वाट न पाहता आधी छोटी कृती ठरवायची. ‘रोज फिरायला जा’ असे मोघम सांगायचे नाही. ‘उद्या सकाळी सात वाजता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन दूध आणायचं, आणि आल्यावर कसं वाटलं ते या कागदावर दहापैकी गुणांनी लिहायचं,’ असे ठरवायचे. पुढच्या भेटीत तो कागद समोर घेऊन बोलायचे. झाले नसेल तर रागवायचे नाही, काय आड आले ते पाहायचे आणि कृती आणखी लहान करायची. यातले काहीही वैद्यकाच्या पदवीधराला, मग ती पदवी कोणत्याही पॅथीची असो, अवघड नाही.

पहिल्या चाचणीतला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला, एक निष्कर्ष आपल्यासाठी विशेष मोलाचा आहे. समुपदेशक नेमल्याचा फायदा सरकारी आरोग्य केंद्रांत ठळक दिसला. तिथे समुपदेशक नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के, तर समुपदेशक असलेल्या केंद्रांत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही, कारण समुपदेशक नसलेल्या दवाखान्यांतही साधारण तेवढेच रुग्ण बरे झाले होते. याची कारणे अनेक असू शकतात, रुग्णांचा आर्थिक स्तरही त्यात येईल. पण त्या डॉक्टरांनाही रुग्णाच्या प्राथमिक मानसिक तपासणीचा निकाल कळवलेला होता, हे विसरू नये. निदान कळलेले आहे आणि रुग्ण वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पुन्हा पुन्हा येतो, या दोन गोष्टींत मोठे बळ असावे, असा आमचा कयास आहे.

वेळेचा आक्षेप खराच आहे. साठ रुग्णांच्या ओपीडीत अर्धा तास कुठून काढणार? पण याच रुग्णांना आपण वर्षभरात पाच-पाच मिनिटांच्या कितीतरी भेटी देतोच. त्यांतल्या दोन भेटी दुपारच्या मोकळ्या वेळेत, लांबवून, नीट शुल्क घेऊन द्याव्यात.

याहून गंभीर आक्षेप असा की कर्ज, दारुडा नवरा, बुडालेले पीक यांतून आलेल्या दुःखाला आजाराचे लेबल लावणे हा अन्याय आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही मान्य करतो. प्रत्येक रडणारा माणूस रुग्ण नसतो, आणि हमीभावाचा प्रश्न गोळीने सुटत नाही. पण कारण बाहेरचे आहे म्हणून त्रास कमी ठरत नाही. दोन आठवडे न झोपलेल्या, जेवण तुटलेल्या शेतकऱ्याला बँकेत जाऊन बोलण्याचे बळही उरत नाही. गोव्यातल्या बैठकांमध्ये अडचण सोडवण्याचा भागही होता. उपचाराने परिस्थितीशी झगडण्याची ताकद परत येते, आणि झगडा कशाशी आहे हे विसरायला कोणी सांगत नाही.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. आत्महत्येचा बेत ठरलेला असेल, भास होत असतील, पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेविना भरमसाट बोलण्या-खर्चण्याचे दिवस येऊन गेले असतील, नुकतेच बाळंतपण झाले असेल, तर तज्ज्ञाशी त्याच दिवशी फोनवर बोलावे आणि रुग्णाला एकटे पाठवू नये. ज्यांना नैराश्यरोधक औषधे लिहिण्याची मुभा आहे त्यांनी परिणामाला दोन ते चार आठवडे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि बरे वाटल्यावरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवावी. अल्प्राझोलामने नैराश्य बरे होत नाही, सवय मात्र लागते. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येते. प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर हा क्रमांक छापून घ्यायला खर्च येत नाही.

आणि एक शेवटची व्यवस्था. नैराश्याचा रुग्ण ठरलेल्या दिवशी येत नाही, कारण न येणे हेच त्याच्या आजाराचे लक्षण आहे. लसीची तारीख चुकलेल्या बाळाच्या घरी दवाखान्यातून फोन जातोच. लसीच्या तारखांच्या त्याच वहीत या रुग्णांची नावे, शेजारी आजाराचा उल्लेख न करता, लिहून ठेवावीत, आणि तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनवरून फोन जावा: ‘डॉक्टरांनी तुमची आठवण काढली आहे, आज संध्याकाळी येताय ना?’